शेवंतीवरचं काळं कापड

आमच्या बेळगावातल्या अनगोळच्या घराची मागची भिंत छातीइतकीच उंच आहे. बांधकाम चाललेलं असताना मी ह्यांना सांगितलं होतं, अजून दोन थर चढवा, मांजरं येतात. पैसे संपले आणि भिंत तिथेच राहिली. मांजरं अजून येतात, अळूच्या वाफ्यात खुशाल झोपतात. पण बागेचं मला जे काही कळतं त्यातलं निम्मं त्या भिंतीवर कोपर टेकून कळलेलं आहे. त्यामुळे मांजरांबद्दल आता फारसं बोलत नाही.

भिंत जिथे काटकोनात वळते तिथे तीन परडी, म्हणजे घरामागची अंगणं, एकमेकांना लागतात. मागे तात्यांचं, डावीकडे अक्कांचं, मधे माझं. तात्या टपाल खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात उभे राहिल्यामुळे असेल, कुणाच्या कुंपणात काय लावलंय हे त्यांना अजून पाठ आहे. अक्का बैलहोंगलकडच्या, घरात कन्नड. माझं माहेर कराडजवळ. सकाळी सातला दूध तापवून झालं की मी चहाचा कप घेऊन मागे जाते. तात्यांच्या हातात मराठी पेपर असायचा, अक्कांच्या घरी कन्नड पेपर यायचा. तो त्या आणायच्या नाहीत, वाचून यायच्या. एकाच बातमीचे दोन मथळे मला भिंतीवर फुकट मिळायचे.

लग्न होऊन आले तेव्हा मला कन्नडचा एक शब्दही येत नव्हता. पहिल्याच मे महिन्यात अक्का भिंतीवरून म्हणाल्या, "मळी बंद्र छलो आगतैती." छलो म्हणजे चांगलं, एवढं मला तोवर कळलं होतं. मळी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे साखर कारखान्याची मळी आली, शेतात खत म्हणून पसरतात ती, नाकाला झोंबणारी. आमच्याकडे उसाचा भाग, त्यामुळे वासासकट आठवली. मी दारात ट्रॉली येणार म्हणून गेटजवळचे बूट आणि सायकल आत घेतली आणि संध्याकाळपर्यंत वाट बघितली. संध्याकाळी वळीव आला. अंगण वाहून निघालं. अक्का खिडकीतून हसत होत्या, "बंतु नोडरी मळी!" त्यांच्याकडे मळी म्हणजे पाऊस. आजही कारखान्याचा ट्रॅक्टर दिसला की मी आधी आभाळाकडे बघते.

भिंतीवरच्या गप्पांना शेंडा नसतो, बुडखा नसतो. कुणी बाहेरचा ऐकेल तर म्हणेल, ह्या लोकांना एक विषय धड पुरा करता येत नाही. एकदाचंच सांगते. तात्यांच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला होता, कापूस चिकटल्यासारखा. तात्या साबणाचं पाणी मारून मारून थकले. अक्का म्हणाल्या, "आधी मुंग्या बघा की ओ. मुंग्या त्याला पाळतात." आणि खरंच तसं आहे. तो किडा झाडाचा रस ओढतो आणि गोड चिकट पाणी सोडतो, त्या पाण्यासाठी मुंग्या त्याला एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेऊन बसवतात, त्याला खायला येणाऱ्या किड्यांना हाकलतात. गवळ्यानं म्हशी फिरवाव्यात तसं. मुंग्यांची वाट तोडल्याशिवाय कितीही फवारा, पुन्हा येतं. एवढं झालं आणि तात्यांनी विचारलं, वंदे भारतचं तिकीट किती हो? मग रेल्वे गेटवर मालगाडी आली की किती वेळ अडकायला होतं यावर दहा मिनिटं. मग कांदा. मग पुन्हा मुंग्या, कारण तात्यांच्या पायाला चावली.

फुलांची नावं शिकले तीही इथेच. आपण ज्याला गुलबाक्षी म्हणतो ती अक्कांची सांज मल्लिगे, म्हणजे संध्याकाळचा मोगरा. दुपार कलली की उमलते, त्या अर्थानं बरोबरच. तगर म्हणजे नंदीबट्टल, नंदीची वाटी. कण्हेर कणगिले, जास्वंद दासवाळ. अंबाडीला तर मी आता पुंडीच म्हणते, ते नाव पानांसारखंच आंबट लागतं मला. उलट त्या मला वैनी म्हणतात आणि तो शब्द कानडीच आहे अशी त्यांची खात्री आहे. मी दुरुस्त केलेलं नाही.

पुण्याची सून पहिल्यांदा आली तेव्हा तिला फुलांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची मौज वाटली. मी फोनवर म्हटलं, "येतो गं अक्का संध्याकाळी." ती म्हणाली, "आई, तुम्ही येतो म्हणता?" म्हणते. इथल्या बायका जातो, येतो, बसतो असंच म्हणतात. तिला मी सांगितलं, तू पण चार वर्षं राहा, येतो म्हणायला लागशील. राहिली नाही, हा भाग वेगळा.

पावसाबद्दल मात्र आमच्यात भाषांतर करावं लागत नाही, नक्षत्रं दोघींची एकच. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, हे तरणं-म्हातारं त्यांच्याकडेही आहे. जिल्हा आमचा विचित्र. मलप्रभा जिथे उगवते त्या कणकुंबीला पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि त्याच जिल्ह्यात अथणीकडे लोक ढगाकडे बघत बसतात. अनगोळ मधे कुठेतरी. २०२५ सालचा पाऊस तर सगळ्यांनाच चकवून गेला. २४ मेला केरळात, दोन दिवसांत मुंबईत. रोहिणी लागते तेवढ्यात मान्सूनच दारात. इकडे वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात मेअखेरीला कोरड्या रानात भात पेरतात, धूळवाफ पेरणी. धूळच राहिली नाही तर वाफ कसली? भाजी घेऊन येणारी येळ्ळूरची मावशी बुट्टी उतरवून म्हणाली, "रानात पाय घालायला येईना, बियाणं घरात बसलंय पाव्हण्यासारखं." तात्यांनी तिच्याकडून शेवग्याच्या शेंगा घेतल्या आणि भाव न करता पैसे दिले. ते कधी असं करत नाहीत.

आता हायड्रेंजियाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यावरून आठ दिवस भांडण झालं होतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, रात्री गार, त्यामुळे ही थंड हवेतली झाडं कुंडीत बरी रमतात. माझ्या परड्यात खानापूरकडून आणलेली तांबडी माती आहे. तिच्यात माझ्या हायड्रेंजियाला निळे गेंद यायचे, शाळेच्या शाईसारखे. पावसाळ्यात एक फांदी लावून रोप केलं आणि अक्कांना दिलं. त्यांनी ते माहेरच्या काळ्या मातीत लावलं, पोत्यातून आणलेल्या. पुढच्या वर्षी फुलं आली ती गुलाबी. अक्का म्हणाल्या, तुम्ही दुसरंच झाड दिलं. मी म्हटलं, तुम्ही बदललं. दोघींनाही वाटलं की समोरचीनं काहीतरी लपवलंय. तात्या मध्ये पडले ते पेपरातलं कात्रण घेऊन. तांबडी माती आंबट, तिच्यात ॲल्युमिनियम मोकळं होतं आणि झाडाला मिळतं, म्हणून निळं. काळ्या मातीत चुना, तो ॲल्युमिनियम बांधून ठेवतो, म्हणून गुलाबी. झाड तेच. भांडण तिथे मिटायला हवं होतं, पण तात्यांना राहवेना. त्यांनी दाढीच्या डब्यातली तुरटी फोडून पाण्यात विरघळवली आणि अक्कांच्या कुंडीत दर पंधरा दिवसांनी घालायला सुरुवात केली, कारण तुरटीत ॲल्युमिनियम असतं. पुढचा बहर निळाही नाही आणि गुलाबीही नाही, वांग्याच्या सालीसारखा आला. अक्कांना तोच आवडला. त्या दिवसांत तात्यांच्या हनुवटीवर रोज एखादा कापसाचा बोळा चिकटलेला दिसायचा.

आणि शेवंती.

शेवंती रात्र मोजते. दसऱ्यानंतर रात्र लांबते तशी ती कळ्या धरायला लागते. जुलै-ऑगस्टात शेंडे खुडले तर झुडूप भरगच्च होतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण अंधार अखंड लागतो, हे आम्हाला कळलं ते खांबावर नवा पांढरा दिवा आला तेव्हा. सहा-सात वर्षं झाली. दिव्याचा झोत थेट तात्यांच्या वाफ्यावर. त्या साली झाडं कमरेपर्यंत वाढली, पानं हिरवीगार, आणि डिसेंबर उजाडला तरी एक कळी नाही. झाडाला वाटत होतं दिवस अजून संपलेलाच नाही. तात्यांनी खत बदललं, निंबोळी पेंड घातली, एकदा तर मला वाटतं रागावूनही बोलले झाडाला. शेवटी फुलांची शेती करणाऱ्या एका ओळखीच्यानं सांगितलं, दिवे लावून ते लोक शेवंती मागे ढकलतात आणि काळं कापड घालून पुढे ओढतात. तुमचं दिव्यानं मागे ढकललंय.

पुढच्या वर्षी सप्टेंबर सरता सरता तात्यांनी चार काठ्या रोवल्या आणि संध्याकाळी साडेपाचला वाफ्यावर काळं कापड टाकायला सुरुवात केली. सकाळी सातला काढायचं. कळीला रंग दिसेपर्यंत रोज.

आता बेळगावात ऑक्टोबर महिन्यात कुणाच्या परड्यात काळं कापड दिसलं की लोकांच्या मनात एकच तारीख येते. १ नोव्हेंबर. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून त्या दिवशी एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाचे पिवळे-लाल झेंडे आणि दुसऱ्या बाजूला, बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्यांची, काळ्या फिती लावून निघणारी फेरी. २००४ पासून सीमेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे. तात्या तरुणपणापासून काळ्या दिनाच्या सायकल फेरीला जातात. आता गुडघा धरतो म्हणून थोडं चालून परत येतात, पण जातात. अक्कांचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. गळ्यात पिवळी-लाल शाल, मोटरसायकलला झेंडा, चन्नम्मा चौकात नाचायला जायचा. हे दोन्ही आम्हा तिघांना माहीत होतं आणि त्याबद्दल भिंतीवर एकदाही बोलणं झालेलं नव्हतं.

एका संध्याकाळी अक्कांनी विचारलं, "तात्या, हे काळं शेवंतीला की एक तारखेला?"

मी हातातली झारी खाली ठेवली.

तात्या गाठ मारत होते. वर न बघता म्हणाले, "एक तारखेचं माझं मी बघतो. शेवंतीला रोज लागतंय."

"मग कडेला चार विटा ठेवा की. वाऱ्यानं उडून आमच्या परड्यात येतंय. आमचं पोरगं बघितलं तर उगीच."

आणि त्यांनीच विटा दिल्या. तुळशीकट्टा बांधताना उरलेल्या.

त्या एक तारखेला तात्या पहाटेच बाहेर पडले. त्यांच्या घरी कुणी उठलं नव्हतं. सात वाजले, सव्वासात झाले, ऊन चढायला लागलं. कापडाखाली वाफ धरते, कोवळी पानं लोळतात. मी जावं म्हणून पदर खोचला तोवर अक्का भिंतीच्या पलीकडे पोचलेल्या. त्यांनी विटा उचलून बाजूला रचल्या, कापड झटकलं, दव होतं म्हणून वळणीवर टाकलं. मागे त्यांच्या दारात मुलगा मोटरसायकलच्या आरशाला झेंडा बांधत होता. त्यानं एकदा बघितलं. मग म्हणाला, "अव्वा, दोरी कुठंय?" अक्कांनी तात्यांच्याच काठीला गुंडाळलेली सुतळी सोडवून त्याच्याकडे फेकली.

शेवंती त्या साली नोव्हेंबरअखेरीला फुलली. पिवळी. तात्यांनी पहिली ओंजळ कुणाला दिली हे मी लिहीत नाही, कारण मलाच दिली आणि अक्का दोन दिवस गप्प होत्या.

पुढे डिसेंबर २०२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे भरलेल्या १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची शंभरी आली. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि ते बेळगावात. अधिवेशनासाठी खणलेली विहीर टिळकवाडीत अजून आहे. शताब्दीला सगळं शहर दिव्यांनी उजळलं. आम्ही तिघं रिक्षा करून बघायला गेलो. लोक फोटो काढत होते. तात्या म्हणाले, "इथल्या शेवंत्यांचं काय खरं नाही."

बातम्यांचं असं असतं. पेपरात त्या मोठ्या अक्षरात येतात, भिंतीवर येईपर्यंत त्यांना माती लागलेली असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद पडल्या तेव्हा माझा भाऊ कराडहून यायला निघाला होता, हातात हापूसचं कलम. इकडच्या गाड्या तिकडे जाईनात, तिकडच्या इकडे येईनात. तो कलम सांभाळत वडापच्या जीपनं तुकड्या तुकड्यानं आला. रात्री साडेदहाला दारात उभा राहिला तेव्हा पिशवीतली माती निम्मी सांडलेली आणि मुळं उघडी. सकाळी अक्का म्हणाल्या, "लगेच उन्हात लावू नका, आठ दिवस सावलीत ठेवा, वाट बघून दमलंय ते." तात्यांनी कलमाची गाठ तपासली, पट्टी घट्ट आहे म्हणाले. गाड्या कधी सुरू होणार यावर त्यांनी काही मत दिलं नाही. ते माझ्या लक्षात आलं, कारण मत देण्यात ते कधी कमी पडत नाहीत. कलम जगलं. गाठीखालून फुटवा आला की मी खुडते, नाहीतर खालचं रायवळ वरच्या हापूसला खाऊन टाकतं.

अक्का निघून जाणार, ही बातमी मात्र कुठल्याच पेपरात नव्हती आणि त्यांनी तोंडानंही सांगितली नाही. २०२५ च्या जुलैत त्या रोज विचारायला लागल्या, "वैनी, तुमच्याकडे सकाळचं ऊन कुठवर येतं?" मी म्हटलं, पायरीपर्यंत. दुसऱ्या दिवशी, "आणि दुपारी?" मग, "त्या कोपऱ्यात पाणी साचतं काय?" मला वाटलं नवीन काही लावायचं डोक्यात आहे. आठवडाभरानं उजाडलं की त्या माझं परडं मोजत होत्या, स्वतःच्या कुंड्यांसाठी. आबोलीला किती सावली मिळेल, अनंत कुठे बसेल, हे सगळं ठरवून झाल्यावर मग म्हणाल्या, गुडघ्याचं ऑपरेशन बेंगळूरला करायचं ठरलंय, मुलगा म्हणतो नंतर तिथंच राहा.

कुंड्या आल्या त्या दिवशी तात्यांनी एकट्यानं बावीस उचलल्या. धरतो म्हणणारा गुडघा त्या दिवशी धरला नाही. वांग्याच्या रंगाची हायड्रेंजिया मात्र अक्कांनी त्यांना दिली, मला नाही. दोन दिवस मीही गप्प होते.

वंदे भारत ऑगस्टमध्ये बेळगावातून सुरू झाली होती. त्याच गाडीनं त्या पहाटे गेल्या. पिशवीत गुलबाक्षीच्या काळ्या बिया, मिऱ्यांसारख्या. बाराव्या मजल्यावर बाल्कनी आहे म्हणे, पश्चिमेची. तिथे लावल्या, उगवल्याही. पण समोरच्या इमारतीच्या काचेवरून ऊन परतून येतं, त्यामुळे सांज मल्लिगेला सांज कधी हे कळत नाही, रात्री आठला उमलते, अशी त्यांची तक्रार.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी जोराचा पाऊस आला. हस्त चालू होता. फोन वाजला. "ऊटा आत?", जेवण झालं का, वगैरे काही नाही, एकदम, "मळी ऐतेनरी?" पाऊस आहे काय?

मी काही बोलले नाही. फोन मागच्या पत्र्याखाली धरला, वर सगळा ताशा वाजत होता. बराच वेळ तसाच धरला. पलीकडून त्यांच्या नातवाचा रडण्याचा आवाज येत होता आणि त्याला गप्प करणारा त्यांचा.

तेवढ्यात भिंतीपलीकडून तात्या ओरडले. डोक्यावर पोतं, हातात कापडाचं एक टोक, दुसरं टोक पार माझ्या अळूवर. "अक्का हायत काय फोनवर? विचारा, त्या विटा कुठं ठेवल्यात!"

मी विचारलं.

"तुळशीकट्ट्याच्या मागं," अक्का म्हणाल्या. "चारच न्या म्हणावं. पाचवी कुंडीखाली हाय."